‘पिशवी’ला डॉक्टरांच्या भाषेत काय म्हणतात?

हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्या-तांड्यांवर आरोग्याची बैठक घ्यायला गेलं की एक गोष्ट हमखास घडते. बैठक संपते, बायका पांगतात, आणि एखादी मागे रेंगाळते. घरात जाते, पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी काढून आणते. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, पोराचा जन्मदाखला आणि चार घड्या घातलेलं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. “ताई, एवढं वाचून दाखवा की.”

गेल्या वर्षी कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर असंच एक कार्ड माझ्या हातात आलं. बाई चौतिशीची. ऊसतोडीला जाणारी, नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढलेली’. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी. कार्डावर इंग्रजीत एकच ओळ होती, ‘टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.’, आणि खाली गोळ्यांची नावं. मी तिला सांगितलं, की पोट उघडून गर्भाशय काढलंय, आणि सोबत दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही बीजकोशही काढलेत. ती माझ्याकडे बघतच राहिली. “पन मला तर पिशवीच म्हनले होते.”

सहा वर्षं या बाईच्या अंगातून वाफा निघत होत्या. रात्री घाम फुटून जाग यायची, गुडघे आणि कंबर धरायची. मुकादम म्हणायचा कामचुकार झाली. सासू म्हणायची बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि त्यापायी दोन बोकड गेले. बीजकोश काढले की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम आटतं, पाळी जायच्या वयातला सगळा त्रास अठ्ठाविसाव्या वर्षीच अंगावर येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान बोकड वाचले असते. आणि कदाचित तिने विचारलं असतं, की पिशवीत दुखतंय तर बीजकोश कशाला?

हा लेख त्या तीन-तीन अक्षरांबद्दल आहे.

कुणी म्हणेल, शब्दांचं काय एवढं? बायकांवर अन्याय होतो तो गरिबीमुळे, उचलीमुळे, मुकादमामुळे, पैशाला हपापलेल्या दवाखान्यांमुळे. मान्य. बीड जिल्ह्याचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं तेव्हा आपण सगळ्याजणी त्यावर बोललो. तीन वर्षांत बीडमधल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचा आकडा त्या वर्षी विधिमंडळात सांगण्यात आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहातली एक. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून पांढरं जातं, आणि दवाखान्यात गेलं की “पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.” ही साखळी आपल्याला आता पाठ आहे. पण त्या साखळीतली शेवटची कडी एक वाक्य आहे. ते वाक्य एक शिकलेला माणूस एका न शिकलेल्या बाईला ऐकवतो, आणि तिच्याजवळ उलट विचारायला शब्द नसतो. तिथे आपण काय केलं? मोर्चे काढले, निवेदनं दिली. शब्द मात्र दिले नाहीत.

आणि हे फक्त बीडचं नाही. आमच्या सेनगाव, औंढा, कळमनुरीतूनही दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून कोयते जातात. जे जात नाहीत त्यांच्यासाठी सोयाबीन आहे, कापूस आहे, वसमतकडे हळदीचं काम आहे. ओलं अंग, जड ओझं आणि दुखणाऱ्या पोटाला तिथेही दुसरी सोय नाही.

‘पिशवी’ हा शब्दच बघा. घरातली पिशवी भरते, रिकामी होते, फाटली तर फेकून देतो. “तीन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?” असं डॉक्टर म्हणतो आणि बाईला ते पटतं, कारण शब्दातच ते पटवून ठेवलेलं आहे. हृदयाला कुणी पंप म्हणत नाही, “साठ वर्षं चालला, आता काढू” असंही म्हणत नाही. डॉक्टरांच्या भाषेत याच अवयवाच्या शस्त्रक्रियेला हिस्टरेक्टॉमी म्हणतात, आणि त्या शब्दाचाही इतिहास धड नाही. ‘हिस्टेरा’ म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. बाई रडली, चिडली, तिला झटका आला की ते गर्भाशयाचं दुखणं मानलं जाई, आणि त्यातूनच ‘हिस्टेरिया’ हा शब्द आला. म्हणजे आपल्याकडे पिशवी, त्यांच्याकडे वेडाचं मूळ. दोन्ही भाषांनी बाईचा अवयव काढून टाकायची आधीच तयारी करून ठेवलेली!

पण मी शब्द शिका म्हणते ते याच्यासाठी नव्हे, की बायकांनी ग्रीक शिकावं. शस्त्रक्रियेची भाषा बाहेरून दिसते तेवढी अवघड नाही. तिला शेपट्या आहेत. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणं. नुसतं ‘ऑटॉमी’ म्हणजे उघडणं, चीर देणं. लॅपरॉटॉमी म्हणजे पोट उघडणं. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे बाहेर तोंड करून देणं, जसं आतड्याच्या आजारात पोटावर करतात. ‘ऑस्कोपी’ म्हणजे दुर्बिणीने आत पाहणं. ‘प्लास्टी’ म्हणजे घडण दुरुस्त करणं. या पाच शेपट्या मी वसमतजवळच्या एका गावात बचतगटाच्या बायकांना सांगितल्या. अर्ध्या तासात त्यातली एक सातवी शिकलेली म्हणाली, “म्हंजे ताई, कागदावर ऑस्कोपी लिहिलंय आन् आत गेल्यावर एक्टॉमी केली, तर ते वेगळं झालं की.”

तिला माहीत नव्हतं, पण नेमक्या याच मुद्द्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, १६ जानेवारी २००८. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई. १९९५ साली रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दुर्बिणीच्या तपासणीला गेली. तिने सही केली होती ती दुर्बिणीसाठी. गरज पडली तर पोट उघडावं लागेल, एवढं त्यात होतं. तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, नळ्या, बीजकोश सगळं काढलं. न्यायालयाने म्हटलं, की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही चालणार नाही. भरपाई मिळाली २५,००० रुपये, आणि डॉक्टरला फी सोडावी लागली. पंचवीस हजारांत गर्भाशय आणि दोन बीजकोश! शिवाय किती माहिती द्यायची याचं माप न्यायालयाने डॉक्टरांच्या रूढ पद्धतीवरच सोडलं, बाईला किती जाणून घ्यायचंय यावर नाही. तरीही निकाल आपल्या कामाचा आहे. तो आपल्या किती शिबिरांत वाचला गेला? मी स्वतः तो पहिल्यांदा वाचला तेव्हा नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती.

लगेच आमच्या बाजूची कबुलीही देऊन टाकते. एम.एस.डब्ल्यू. करताना माझं क्षेत्रकार्य एका मोठ्या रुग्णालयात होतं. आमचं काम ‘समुपदेशन’. प्रत्यक्षात काय? ऑपरेशनला तयार नसलेल्या बाईजवळ बसायचं, “घाबरू नका, छोटं ऑपरेशन आहे, डॉक्टर चांगले आहेत” म्हणायचं आणि कागद पुढे सरकवायचा. कागद इंग्रजीत. मी तो तेव्हा पूर्ण वाचलेला नव्हता, कारण मलाही त्यातले निम्मे शब्द येत नव्हते. किती अंगठे मी घेतले असतील, मोजलेले नाहीत. माझ्या अहवालाला मात्र चांगले गुण मिळाले.

आता विरोधी बाजू. डॉक्टर मित्र-मैत्रिणी (आहेत, आणि चांगल्याही आहेत) तीन गोष्टी सांगतात. पहिली, सगळं सांगितलं तर बाई घाबरून पळून जाईल. दुसरी, दिवसाला शंभर पेशंट, वेळ कुठे आहे? तिसरी, खेड्यातल्या बाईला काय कळणार, ती स्वतःच म्हणते “तुम्ही म्हणाल ते, साहेब”. पहिलीचं उत्तर सोपं आहे. घाबरून गेलेली बाई दुसऱ्या डॉक्टरला दाखवेल. तो तिचा हक्क आहे, आणि बीडमध्ये हजारोजणी घाबरून पळाल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरी अडचण खरी आहे, तिच्याकडे मी येणार आहे. पण तिसरीचा मला राग येतो. जी बाई टनाचा भाव, उचल, कटती, खाडा याचा हिशेब तोंडी करते, जी शेळीच्या आजाराची नऊ नावं सांगते, तिला बीजकोश कळत नाही? तिला न विचारायची सवय लावलेली आहे. “तुम्ही म्हणाल ते, साहेब” हे ती मुकादमालाही म्हणते, आणि मुकादमाने फसवलं हे तिला पक्कं कळत असतं.

सरकारी मराठीनेही काही सुटत नाही, हेही म्हणून ठेवते. हिस्टरेक्टॉमीला परिभाषेत ‘गर्भाशयोच्छेदन’ म्हणायचं. कळलं का काही? इंग्रजी कुलूप काढून संस्कृत कुलूप लावलं. बायकांचे स्वतःचे शब्द आहेत, ते पुरतात: भूल, टाके, कमरेतली सुई, उपाशीपोटी, बिनटाक्याचं ऑपरेशन, सीझर. तिथे नेमकेपणा कमी पडतो तेवढा भरायचा. ‘पिशवी काढणार’ याऐवजी ‘गर्भाशय काढणार, बीजकोश ठेवणार’ किंवा ‘दोन्ही काढणार, आणि का’. एवढं म्हणायला अर्धा मिनिट लागतो. कार्डावरच्या खुणाही थोड्याच आहेत. ‘एन.बी.एम.’ म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. भुलेत उलटी श्वासनळीत जाऊ नये म्हणून. हे कारण न सांगता नुसतं “उपाशी ठेवा” म्हटलं की सासू मायेने चहा पाजते, आणि जीव धोक्यात येतो. ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज लागली तरच, तिन्हीत्रिकाळ नव्हे. ‘टी.एल.’ म्हणजे नळ्या बांधल्या. ‘डामा’ म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं. पैसे संपले म्हणून घरी नेणाऱ्या बाईच्या नवऱ्याची सही या शब्दाखाली असते, आणि पुढे काही झालं तर तोच शब्द तिच्या विरोधात उभा राहतो.

आता त्या ‘वेळ कुठे आहे’ची गोष्ट. ती थेट आपल्या मुलींच्या करिअरशी येऊन भिडते.

आमच्या जिल्ह्यात हल्ली ‘वैद्यकीय क्षेत्रातील संधी’ नावाची मार्गदर्शन शिबिरं उदंड झाली आहेत. बॅनरवर आनंदीबाई जोशींचा फोटो. व्यासपीठावर पाचसहा पुरुष. मुलींना सांगतात: नीटला बसा, डॉक्टर व्हा, नाही जमलं तर नर्सिंग आहे, सेवाभावी क्षेत्र आहे, मुलींना शोभतं. मग टाळ्या. आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली ठरलेली नेमणूक त्यांना स्वीकारताच आली नाही. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण जी जगली, जिने लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर होऊन सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले, त्या रखमाबाईंचा फोटो बॅनरवर का नसतो? कारण अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला होता, कोर्टाने पाठवलं तर तुरुंगात जाईन म्हटलं होतं. नवऱ्याने शिकवलेली बाई बॅनरवर चालते. ‘नाही’ म्हणणारी बाई शिबिराच्या संयोजकांना परवडत नाही.

आणि ‘नाही’ म्हणणं हे शस्त्रक्रियागृहातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. हे मी अलंकारिक बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक यादी काढली. १९ बाबी, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. रुग्णाचं नाव काय, कोणतं ऑपरेशन, कोणत्या जागी, हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. शेवटी नर्सने हत्यारं आणि मॉप मोजून आकडा बोलायचा. आकडा जुळला नाही तर शिवायचं नाही. जगातल्या आठ रुग्णालयांत (त्यातलं एक आपल्या देशातलं) ही यादी वापरून पाहिली, तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. नर्सने तोंड उघडायचं आणि सर्जनने ऐकायचं, एवढंच.

आता सांगा, आमच्या तालुक्याच्या गावातल्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात सर्जनला “थांबा सर, कार्डावर फक्त गर्भाशय लिहिलंय” म्हणणारी मुलगी कुठे आहे? तिथे जी उभी असते तिला बहुधा कुठल्याच कौन्सिलची नोंदणी नसते. दहावी-बारावी झालेली, शेतमजुरीपेक्षा फार जास्त नाही अशा पगारावर ठेवलेली, पांढरा कोट घातलेली, सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. तिला सलाईन लावता येतं, हत्यारं उकळता येतात, डॉक्टरची बायको सांगेल ते करता येतं. त्या मुलीला मी दोष देत नाही. बीडच्या प्रकरणाच्या वेळी वर्तमानपत्रांत डॉक्टरांची बाजू आली, बायकांची आली, मुकादमांचीही आली. टेबलाजवळ ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलींना कुणी विचारलं नाही. आपणही नाही. वास्तविक काय कापलं गेलं हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून करिअर मार्गदर्शनाबद्दल माझं भांडण आहे. नर्सिंग हे ‘डॉक्टर नाही झाली तर’चं क्षेत्र नाही. ए.एन.एम. दोन वर्षं, जी.एन.एम. तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. पहिल्या दोन्हींना बारावी लागते पण विज्ञान शाखा असलीच पाहिजे असं नाही. कला शाखेच्या मुलीलाही दार उघडं आहे. हे आमच्या शिबिरांत कुणी सांगत नाही आणि मग तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दोन खोल्यांतल्या ‘इन्स्टिट्यूट’ सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ प्रमाणपत्राला बापाची एक एकर विकायला लावतात. मैत्रिणींनो, मुलीला घेऊन जाल तिथे पहिला प्रश्न हा विचारा, की इथून शिकून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळेल का? उत्तरात ‘शंभर टक्के जॉब’ आलं तर तिथून उठा. शस्त्रक्रियागृहातलं तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञाच्या मदतीचं तंत्रज्ञ ही कामंही २०२१च्या केंद्रीय कायद्याने मान्य व्यवसायांत घेतली आहेत. तिथे मुली कमी दिसतात, कारण रात्रपाळी आणि यंत्र या दोन शब्दांनी घरचे बिथरतात. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या रात्रपाळीने मात्र कुणाची अब्रू जात नाही.

हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. आनंद आहे. इतकी वर्षं जरा गुंतागुंत झाली की “नांदेडला न्या” हेच औषध होतं. आणि नांदेडला काय होतं तेही आपण २०२३च्या ऑक्टोबरात पाहिलं. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. तेव्हा आमच्या हिंगोलीच्या त्या वेळच्या खासदारांनी जाऊन अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. कॅमेऱ्यासमोर. परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, एका परिचारिकेच्या अंगावर किती खाटा आहेत, हा प्रश्न कॅमेऱ्यात चांगला दिसत नाही. डॉक्टरला वेळ नसतो हे खरं असेल तर समजावून सांगायचं काम, वेदना मोजायचं काम, टाक्याला पू आलाय का बघायचं काम शिकलेल्या परिचारिकेचं आहे. त्या जागा भरा. नव्या महाविद्यालयात शंभर भावी डॉक्टर दरवर्षी येतील. त्यांना बायका ‘पिशवी’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय म्हणायचं असतं हे कोण शिकवणार, हा माझा प्रश्न तिथल्या अधिष्ठात्यांना पत्राने पाठवलेला आहे.

‘कॅन्सर होईल’ या भीतीचंही उत्तर याच मुलींच्या हातात आहे, आणि ते आपल्या मराठवाड्यातूनच जगाला मिळालेलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना धरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला; २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एच.पी.व्ही.ची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. (ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्या बायकांच्या जिवाचं काय, हा वाद त्यावर झाला आणि तो रास्तच होता.) व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी तर त्याहून स्वस्त, आणि शिकवलेली परिचारिका ती काही मिनिटांत करते. म्हणजे ‘कॅन्सर होईल’ म्हणणाऱ्या डॉक्टरला बाईने विचारायचा प्रश्न एवढाच: तपासणी केली का? रिपोर्ट कुठे आहे? आणि काढून झाल्यावर, काढलेला भाग तपासायला पाठवला का, त्याचा कागद द्या. कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा, हा डॉक्टरांच्याच आचारसंहितेतला २००२चा नियम आहे. पांढऱ्या पाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा कोर्स असतो, नवऱ्यालाही घ्यायचा. गाठीवर, जास्त जाण्यावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. पण त्यात दवाखान्याला एकरकमी काही मिळत नाही.

कुटुंबनियोजनाकडे वळल्याशिवाय हे पुरं होणार नाही, तरी थोडक्यातच. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे आपल्या बहुतेक बायकांची शस्त्रक्रियेशी पहिली ओळखच तिथे होते, रांगेत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत एका सर्जनने ८३ बायकांची ऑपरेशनं केली, त्या प्रकरणात तेराएक बायका गेल्या. २०१६ साली देविका बिश्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि बाईला कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगा, असं बजावलं. आणि अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असं २०२३च्या एप्रिलमध्ये सांगितलं. ती आमच्या तालुक्यांतल्या किती दवाखान्यांच्या भिंतीवर आहेत ते जाऊन बघा. देवादिकांचे फोटो आहेत.

शेवटी, आमच्या गटाने काय केलं ते सांगते. आम्ही मराठीत एक पानाचं संमतीपत्र तयार करायला घेतलं. वर बाईचं नाव, मग ‘काय काढणार’, ‘काय ठेवणार’, ‘न काढता दुसरा उपाय कोणता’, ‘भूल कोणती’, ‘कोण डॉक्टर कापणार’. बाजूला शरीराचं चित्र, त्यावर खूण करायची. औंढ्याच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. बायकांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या: खर्च किती ते पण लिहा, आणि किती दिवस ओझं उचलायचं नाही ते पण. कारण ‘आराम करा’ म्हटलं तर घरात कुणी ऐकत नाही, ‘तीन महिने’ असं डॉक्टरच्या सहीने लिहिलं तर ऐकतील.

मग मागून एका मुलीने विचारलं, जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, “ताई, खाली नवऱ्याच्या सहीची जागा का ठेवलीत?” मी तिला त्याच २००२च्या नियमांतलं कलम ७.१६ सांगितलं: ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकतं तिला नवरा आणि बायको दोघांची संमती लागते. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. गर्भाशयाच्या बाबतीत मात्र आपण अजून अर्ध्याच मालकिणी. ती म्हणाली, “मग बाईने नको म्हटलं आणि नवऱ्याने हो म्हटलं, तर त्या रकान्यात काय लिहायचं?” आमच्या मसुद्यात त्याला जागाच नव्हती. तो कागद मी पुन्हा लिहायला घेतला आहे.